हाँगकाँगला जायच्या आधी

पिंपरीच्या ज्या कारखान्यात ज्ञानदेव फिटर होता, तिथे पॉवर प्रेसवर पत्रा सरकवताना माणसांची बोटं जायची. ज्ञानदेवने प्रत्येक प्रेसला दोन बटणं बसवली, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात बाहेरच असायचे. वर्षभरात एकाचंही बोट गेलं नाही. १९८१च्या जानेवारीत, वर्धापनदिनाला, कंपनीने त्याला मंचावर बोलावून बक्षीस जाहीर केलं: नवरा-बायकोला चार दिवस हाँगकाँगची सहल. मार्चच्या शेवटच्या शनिवारी विमान होतं.

दापोडीच्या घरात या सहलीचा ताबा त्याच्या बायकोने, केसरबाईने घेतला. ती सातवी शिकलेली होती आणि लग्न झाल्यापासून लोणावळ्यापलीकडे गेली नव्हती. तिने त्यासाठी एक वही केली. मागच्या गल्लीत बबनराव राहायचे, मूळचे रत्नागिरीकडचे. वीस वर्षं ते मालवाहू बोटींवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे, आणि हाँगकाँगचं बंदर त्यांनी दहा-बारा वेळा पाहिलं होतं. केसरबाई रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि विचारून विचारून लिहून घ्यायची.

पहिल्या दिवशी फेरीबोट. या काठावरून त्या काठाला जायचं, आणि वरच्या मजल्यावरच बसायचं. दुसऱ्या दिवशी डोंगरावर चढणारी ट्राम. ती इतकी तिरकी चढते की बाजूच्या इमारती पडल्यासारख्या दिसतात. तिसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगणारं हॉटेल, तिथे जिवंत मासा दाखवून मग शिजवतात. सकाळी माशाची पेज खायची, आपल्या पेजेसारखीच, पण आल्याचे बारीक तुकडे घातलेली. बांबूच्या टोपलीतून वाफेवरच्या करंज्या येतात, आत कोळंबी. दुकानांच्या काचेत भाजलेली बदकं टांगलेली असतात, ती बघून घाबरायचं नाही.

"सापाचंही सूप मिळतं," बबनराव म्हणाले होते.

तेही तिने लिहून घेतलं, आणि पुढे कंसात 'हे बघू' असं लिहिलं. चार दिवसांत एवढं बसत नव्हतं. ती खोडायची, दिवस बदलायची, ज्ञानदेवला वाचून दाखवायची. तो नुसता हसायचा. पासपोर्ट आले तेव्हा तिने स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला.

फेब्रुवारी संपता संपता ज्ञानदेव एका संध्याकाळी घरी आला आणि तसाच जेवायला बसला. जेवताना त्याने सांगितलं. प्रेस शॉपमधल्या आठ मशीनींवर उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली त्याने पाहिली होती. बटण कायमचं दबलेलं, म्हणजे उजवा हात मोकळा आणि काम दुप्पट वेगाने. माल कमी पडतोय म्हणून सुपरवायझरने तोंडी सांगितलं होतं, कुठे लेखी नव्हतं. ज्ञानदेव म्हणाला की उद्या वरच्या साहेबांना भेटतो.

केसरबाईचा घास हातातच राहिला. सुपरवायझर साहेबांच्या किती जवळचा आहे ते तिला माहीत होतं. "सहल तेवढी होऊ द्या," ती म्हणाली. "आल्यावर सांगा. महिन्याचा तर प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी ज्ञानदेव साहेबांना भेटला नाही. रोज प्रेस शॉपवरून जाताना तो मान खाली घालायचा, आणि घरी आल्यावर केसरबाई त्याच्याकडे बघून समजायची की आजचा दिवस निभावला. वहीतलं वाचन चालू होतं, पण दोघांचंही लक्ष नसायचं.

सतरा मार्चला दुपारच्या शिफ्टमध्ये भीमराजच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली.

भीमराज दापोडीतलाच. बारा वर्षं तो आणि ज्ञानदेव सायकलींवरून बरोबर कामाला जात होते. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा ज्ञानदेव सोबत होता. घरी आल्यावर त्याने अंगावरचा रक्ताचा शर्ट काढला नाही, तसाच भिंतीला टेकून बसला. केसरबाईने पाणी दिलं. त्याने तिला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पुढच्या मंगळवारी मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. गुरुवारी सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होते. टेबलावर टाइप केलेला कागद होता: दोन बटणांची जोडणी निर्दोष होती, पाचर कामगाराने स्वतःच्या मर्जीने ठोकली. साहेबांचा आवाज मऊ होता. जोडणी तुमची, म्हणून तुमच्या सहीला वजन आहे, असं ते म्हणाले. मग विमानाची तिकिटं मुंबईहून आल्याचं त्यांनी सांगितलं. ती त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होती. कागद गुरुवारी सकाळपर्यंत द्यायचा होता.

बुधवारी केसरबाई एकटीच दवाखान्यात गेली. भीमराजचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीवर बांधलेला होता. त्याची बायको सरूबाई उशाशी होती. कागदाची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"वहिनी, त्याला म्हणावं सही कर," भीमराज म्हणाला. "माझी बोटं काही परत येत नाहीत. तुमचं जाणं कशाला बुडवता?"

सरूबाईनेही मान डोलावली आणि विचारलं, तिकडे थंडी असते का.

घरी येऊन केसरबाईने चूल पेटवली नाही. ज्ञानदेव आला तेव्हा ती दारातच बसली होती. "ती दोघं जा म्हणाली," ती म्हणाली. "म्हणूनच आता जाववत नाही. तुम्ही खरं काय ते सांगा. पण मी गप्प बसवलं, तेही सांगा."

"तुझं नाव कुठे येणार नाही," तो म्हणाला. "तोंड माझं होतं."

गुरुवारी ज्ञानदेव कागदावर सही न करताच केबिनमध्ये गेला. इन्स्पेक्टरसमोर, मॅनेजर आणि सुपरवायझर बसलेले असताना, त्याने सांगितलं की आठही मशीनींवर पाचरी होत्या, हुकमावरून ठोकलेल्या, आणि आपण त्या अपघाताच्या तीन आठवडे आधी पाहिल्या होत्या. तुम्ही तक्रार का केली नाही, असं इन्स्पेक्टरने विचारलं. सहल जाईल म्हणून, असं ज्ञानदेव म्हणाला. इन्स्पेक्टरने तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी नोटीस लागली की सहल काही कारणाने रद्द झाली आहे. ज्ञानदेवची बदली स्टोअरमध्ये झाली, आणि त्याची बढती पुढची चार वर्षं अडली. भीमराजवरचा ठपका मात्र उडाला. त्याची भरपाई सुटली, हाताला झेपेल असं कामही मिळालं. बटणांवर लोखंडी पेट्या बसल्या, पाचर ठोकायला जागाच उरली नाही.

पण तीन आठवड्यांची गोष्ट भीमराजपर्यंत पोचली. कामावर परतल्यावर तो ज्ञानदेवबरोबर जाईनासा झाला. भांडला नाही, फक्त अर्धा तास आधी निघायचा. ज्ञानदेव रस्त्याच्या तोंडाशी सायकल धरून थोडं थांबायचा, मग एकटा जायचा.

केसरबाईने हे दोन महिने पाहिलं. मग एका दुपारी, पुरुष कामावर असताना, ती सरूबाईकडे गेली. सरूबाई तांदूळ निवडत होती. केसरबाई उभ्याउभ्याच बोलली.

"पाचरी दिसल्या तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी सांगायला निघाले होते. मी थांबवलं. मला हाँगकाँग बघायचं होतं."

सरूबाईचा हात सुपात थांबला. बाहेर नळावर बायका पाण्यासाठी हाका मारत होत्या.

"मला सांगितलंत तेवढं पुरे," ती शेवटी म्हणाली. "पण ह्यांनाही कळायला हवं. आत्तापर्यंत ते तुमच्या मालकांवरच राग धरून बसलेत. तुम्ही बसा. ते येईपर्यंत बसा, आणि तुमच्या तोंडाने सांगा."

केसरबाई जमिनीवर बसली. शिफ्ट सुटायला अजून तीन तास होते. सरूबाईने सूप मध्ये सरकवलं, आणि दोघी मिळून तांदूळ निवडू लागल्या.