बापाच्या तोंडातली पिल्लं

टबात चार इंच पाणी होतं, बदामाचं एक वाळकं पान, एक निळा नर आणि बुडबुड्यांच्या घरट्याला शेपट्या खाली सोडून लटकलेली त्रेचाळीस पिल्लं. फायटर माशाची पिल्लं, कालच अंड्यांतून निघालेली. चिमीने ती तीनदा मोजली होती.

एक पिल्लू निसटून खाली पडलं. नराने झडप घालून ते तोंडात घेतलं.

"खाल्लं गं, मेल्याने खाल्लं!" वाल सोलत बसलेली आई चहाची गाळणी घेऊन धावली. "काढ त्याला!"

मागच्या दोन्ही खेपांना या आरडाओरड्याला घाबरून चिमीने नर बाहेर काढला होता, आणि सगळी पिल्लं तळाशी पडून मेली होती. या खेपेला तिने गाळणीच हिसकावून घेतली आणि आईपुढे दोन वाट्या ठेवल्या.

"त्याने उचललं की या वाटीत वालाचा दाणा टाक. घरट्यात परत थुंकलं की त्या वाटीत. दहा मिनिटं."

"गेलं!" आई ओरडली. "अगं, आलं! आलं! थुंकलं बघ!"

तिसऱ्या मिनिटाला ती टबावर ओणवी झाली होती. "ए निळ्या, डावीकडे पडलं, डावीकडे! शाब्बास! चिमे, तुझ्या बापाने तुला कधी एवढं उचललं नाही."

"ऐकतोय मी," बाबा ओटीवरून म्हणाले.

दोघी हसून लोळायच्या बाकी होत्या, पण दाणे पडतच होते. दहा मिनिटं झाली तशी चिमीने दोन्ही वाट्या मोजल्या.

उचललेली एकोणतीस. परत ठेवलेली एकोणतीस.