लग्नाला बंदोबस्त

वाहिद शिपायाने मांडवाबाहेर पायांवरची धूळ झटकली, घसा साफ केला आणि सांगायचं ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

"बरं झालं आलात हवालदार, आज आमच्या झुंबरीचं लगीन हाय," नवरीचा चुलता महिपती म्हणाला. "पर पट्टा आवळून का? कुनाला धरायला आलाय?"

वाहिद कामशेतहून आंदर मावळातल्या या गावापर्यंत चालत आला होता, तो नवरीच्या आईला, अंबूबाईला एकच गोष्ट सांगायला. इंग्रजांच्या पलटणीत गेलेला तिचा मुलगा बजरंग तिकडे समुद्रापार बसऱ्याच्या लढाईत मेला होता. आजच्या आज सांगून या, असा जमादारांचा हुकूम होता. घरात लग्न आहे हे जमादारांना ठाऊक नव्हतं. वाहिदला ते मांडव दिसल्यावर कळलं.

तो मुसलमान असला तरी वाढला मावळातच. सुतक कसं लागतं हे त्याला भटजीइतकंच ठाऊक होतं. माणूस परमुलखात कधीही मेलेला असो, घराला सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. तोंडातून शब्द गेला की वऱ्हाड आल्या पावली परतणार. गेल्या साली ऐन वेळी नवरीचा बाप गेला म्हणून हेच लग्न राहिलं होतं. दुसऱ्यांदा राहिलं असतं, तर पोर पांढऱ्या पायाची ठरून कायमची घरी बसली असती.

"धरायला न्हाई," तो म्हणाला. "बंदोबस्ताला आलोय."

मांडवात हशा पिकला. नाचणीच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांच्या लग्नाला सरकारी बंदोबस्त!

"हितं चोरायचं काय, पत्रावळी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

अंबूबाई विधवा, म्हणून मांडवापासून लांब, चुलाणाशी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा भाताकडे वळली.

थाप तर मारून झाली होती, आता ती निभावणं आलं. त्याला एका जागी उभं राहवेना. त्याने मांडवात शिरलेलं वासरू हाकललं, विस्कटलेल्या वहाणा रांगेत लावल्या, मग त्याच पुन्हा लावल्या. हा बजरंग पलटणीत निघाला तेव्हा त्यानेच त्याला कामशेत स्टेशनावर गाडीत चढवून दिला होता. पोरगं खिडकीतून हसत होतं. वाहिदला ते राहून राहून आठवत होतं आणि स्वतःचा राग येत होता.

"नवरीचा भाऊ पलटणीत हाय म्हनं," नवऱ्याच्या बापाने त्याला गाठून विचारलं. "आला न्हाई?"

"रजा न्हाई मिळाली त्याला."

अक्षता पडल्या. भटजींनी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला पुकारलं. नवऱ्याचा कान पिळून बहिणीला नीट सांभाळ म्हणायचं, हा भावाचा मान. महिपतीने आपल्या पोराला पुढे ढकललं.

"त्यो नगं," चुलाणाकडून अंबूबाईचा आवाज आला. "हवालदार पिळत्याल. बजाच्या जागी."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग कुणीतरी ओरडलं, "पोलिसानं कान धरला की जावई जन्मभर सरळ चालंल!" आणि सगळ्यांना ते पटलं. वाहिद मात्र हसू शकला नाही. त्याने नवऱ्याचा कान धरला. पण पिळायचंच तो विसरला. त्याने अंबूबाईकडे पाहिलं, पण तिची पाठ होती.

उन्हं कलली तशी पाठवणीची बैलगाडी जुंपली. दिवसभर चुलाणापासून न हललेल्या अंबूबाईने लेकीच्या गळ्यात पडून असा टाहो फोडला की बैलसुद्धा बुजले. ऊर बडवून ती रडली, मातीत बसून रडली.

"अगं, कामशेतला तर चाललीय पोर," बाया तिला धरून सांगत होत्या. "बाजाराच्या दिशी भेटंल की. इतकं काय त्ये?"

गाडी वळणाआड गेली, बाया भांड्यांकडे परतल्या. अंबूबाई उठली, पदराने तोंड पुसत वाहिदपाशी आली.

"आमच्या दारात कशाचा बंदोबस्त, हवालदार? तुमाला बगितलं तवाच समजले मी. तुमी पोरीचं लगीन लागू दिलंत. येवढंच सांगा. बजाला अग्नी तरी दिला का कुनी?"

जमादारांनी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"दिला, मावशी," वाहिद म्हणाला. "आपल्याच मावळातली पोरं व्हती संगं. समदं रीतीनं केलं त्यांनी."