बशीची कावीळ

म्हाळसाचं आंतरदेशीय पत्र येऊन अकरा दिवस झाले होते आणि महिपतरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र एव्हाना पाठ झालं होतं.

'सर, माझी नणंद नकोशी पहिल्या बाळंतपणासाठी इथं पळसदेवला आली आहे. सातवा महिना आहे आणि तिला कावीळ झाली आहे. बारामतीचे डॉक्टर दवाखान्यात ठेवा म्हणतात. सासूबाई मात्र तिला इंदापूरच्या बाजारात पिवळे महाराजांकडे नेतात. महाराज हात धुतात आणि पाणी पिवळं होतं. ते मी डोळ्यांनी बघितलं. आणखी दोन बाजार जायचं आहे, तोवर औषध बंद. सर, कावीळ अशी उतरते का? तुम्ही लिहाल ते मी घरात वाचून दाखवीन.'

'सर' या शब्दापाशीच महिपतराव अडखळले होते. ते सर नव्हतेच. म्हाळसा इंदापुरातल्या ज्या शाळेत शिकली, तिच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. निवृत्त झाल्यावर घरात पुस्तकांची चळत छतापर्यंत चढली, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. चुकून काही खोटं लिहिलं गेलं तर? पोरगी ते सगळ्या घरापुढे वाचणार. म्हणून आधी स्वतः बघू, असं ठरवून ते पत्र आल्यावरच्या पहिल्या बाजारी लिंबाखाली जाऊन उभे राहिले. सगळ्यात मागे.

लिंबाखाली हीऽऽ गर्दी! इंदापूर म्हणजे तालुक्याचं गाव. तहसील इथं, कोर्ट इथं. सात-बाराच्या उताऱ्यावरचा शिक्का उजेडात धरून तपासल्याशिवाय खिशात न घालणारी माणसं. तीच माणसं पिवळ्या कफनीतल्या एका गलेलठ्ठ गृहस्थापुढे तोंडं उघडी टाकून बसली होती. कफनीखाली पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर हळदीचा मळवट, आणि आवाज असा की शेजारच्या मिरचीवाल्याचं गिऱ्हाईक तुटावं.

"ही साधी कावीळ न्हाय, माय! ही एकोणीस नंबरची कावीळ हाय! डाक्टरला सात नंबराच्या फुडची ठावं तरी हाय का? ॐ ऱ्हीं क्लीं, चल निकल, लिव्हर सोड, डायरेक्ट बोटातनं निकल!"

रीत ठरलेली होती. महाराज तांब्याच्या गडूतलं तपकिरी तीर्थ रोग्याच्या दोन्ही तळव्यांना चोळायचे. मग रोग्यानेच आणलेल्या तांब्यातली चुन्याची निवळी, म्हणजे चुना तळाला बसल्यावर वर राहिलेलं नितळ पाणी, त्या हातांवर सोडायचे. खालच्या परातीत पाणी पिवळंजर्द! बघणाऱ्यांच्या अंगावर काटा.

आणि हे सगळं तपासून घेतलेलं, बरं का! तपासणारे होते दादासो. वालचंदनगरला कारखान्यात उसाच्या रसात चुना सोडण्याच्या कामावर बावीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाले तरी छाती अजून कारखान्याच्या भोंग्यासारखी फुगलेली.

"आमास्नी कोन फशीवनार? चुना म्हंजी आपला घरचा इषय!" असं म्हणत त्यांनी गुलजारच्या पानटपरीवरून स्वतः चुना आणला, नळाचं पाणी स्वतः भरलं, निवळी जिभेला लावून बघितली आणि हात वर करून जाहीर केलं, "चुना अस्सल! पानी अस्सल! ह्यात काय बी मिसळल्यालं न्हाय!"

झालं. जे चार जण कुरकुरत होते तेही चपला काढून बसले. चुना तपासला, पाणी तपासलं, परात पालथी घालून बघितली. गडूतलं तीर्थ तेवढं कुणी तपासलं नाही. तीर्थ कसं तपासणार? ते तर देवाचं!

त्याच दिवशी आईने मारलेल्या हाकेवरून महिपतरावांनी नकोशीला ओळखलं. चार मुलींनंतर झालेली म्हणून आई साखरबाईनेच ठेवलेलं नाव. पोरीचे डोळे पिवळे पडले होते, पोट वर आलेलं, मान आईच्या खांद्यावर. महिपतरावांना ओरडून सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? त्यांना कारण ठाऊक नव्हतं. ते घरी निघाले.

वाटेत कालव्याकडेला एक जुना आंबा होता. त्याच्या खोडाची साल कुणीतरी नुकतीच कोयत्याने हातभर सोलून नेली होती. गडूतलं तपकिरी तीर्थ आठवून महिपतराव थांबले. खाली पडलेल्या चार ढलप्या त्यांनी इकडेतिकडे बघून चोरासारख्या पिशवीत टाकल्या. घरी ठेचून पाण्यात भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी तो रस तळव्याला चोळून त्यांनी वर चुन्याची निवळी ओतली.

पाणी पिवळंजर्द.

दुसरा कुणी असता तर तिथेच उडी मारून पत्र लिहायला बसला असता. महिपतरावांना शंका आली, आपल्यालाच तर कावीळ नसेल? दोन दिवस आरशात डोळे ताणून पाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला, रक्त दिलं. अहवाल यायला आणखी दोन दिवस. कावीळ नव्हती. मग मनात आलं, एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं का? बाभळीची साल, लिंबाची साल, जांभळीची साल, सगळं भिजवून झालं. वहीत तक्ते भरत होते आणि म्हाळसाचं पत्र टेबलावर पडून होतं. असा दुसरा बाजार उजाडला. नकोशीची तिसरी खेप.

पानटपरीवर गुलजारने त्यांना हटकलं. "काय तात्या, आज हातात बाटली? म्हाताऱ्यापनी नाद लागला का काय?"

महिपतरावांनी चाचरत सगळं सांगितलं. गुलजारच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"आन हे आठ दिस वहीत लिवून ठिवलं? वा रं पट्ठ्या! चला माझ्यासंगं."

"मला गर्दीत बोलता येत नाही रे."

"तुमी हळू बोला. मी वरडतो."

लिंबाखाली नकोशी आज बसतही नव्हती. गोणपाटावर निजवली होती. विचारलेल्याला उत्तर देताना तिची जीभ जड होत होती. साखरबाई पदराने वारा घालत होती, आणि महाराज सांगत होते, "झोप येतीया ना? लई ब्येस! कावीळ थकलीया, म्हून झोप! आजची खेप झाली की पोर पळंल, घोड्यावानी पळंल!"

महिपतराव पुढे झाले.  "मला... माझे हात..." गुलजार गरजला, "तात्यास्नी हात धुवून पायजेत!"

महाराजांनी खुशीत तीर्थ चोळलं, निवळी सोडली. पाणी पिवळं.

"मला कावीळ नाही," महिपतरावांनी डॉक्टरचा कागद काढला. "ही रक्ताची तपासणी."

महाराजांनी कागद हातातही घेतला नाही. "लपल्याली हाय! कागदाला घाबरून लपली! बाराव्या नंबराची हाय ही, तात्या, बरं झालं आलासा, न्हायतर येत्या आवसंला खपला असता!"

लोक खो खो हसले. दादासो म्हणाले, "तात्या, नळ्या धुनं येगळं आन ह्यातलं कळनं येगळं."

महिपतरावांचा चेहरा उतरला. नेहमीची वेळ असती तर ते मुकाट घरी गेले असते. पण खाली नकोशी कण्हली. ते साखरबाईजवळ बसले आणि इतक्या हळू बोलले की गुलजारलाही वाकून ऐकावं लागलं.

"बाई, घरी चोळायला तीर्थ दिलंय का यांनी?"

"दिलंया की. बाटलीत हाय." तिने पिशवीत हात घातला.

"माणसाच्या हातावर नको. बशीत ओता. बशीला तर कावीळ होत नाही ना?"

गुलजारने शेजारच्या चहावाल्याची पांढरी बशी उचलली आणि बाजार दणाणून सोडला, "ऐकाऽऽ! तात्या म्हनत्यात, तीर्थ बशीत वता आन निवळी घाला! दादासो, निवळी तुमीच वता. चुना तुमचा घरचा इषय!"

"त्या तीर्थाला इटाळ हुईल!" महाराज ओरडले. "बाई, खबरदार! पोरीवर उलटंल!"

साखरबाईने बाटली बाहेर काढली. तिने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा पोरीच्या पिवळ्या पापण्यांकडे. "आनि काय उलटायचं ऱ्हायलंय?" ती म्हणाली आणि बाटली बशीत कलती केली.

दादासोंनी तांब्यातून निवळीची धार सोडली. बशीतलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळंजर्द झालं.

 मग मिरचीवाला म्हणाला, "बशीला कावीळ?"

"कुनीतरी कावीळवाला च्या पिला आसंल त्या बशीत!" महाराज घामेजले होते.

"आसं व्हय?" साखरबाई उठली. उरलेलं तीर्थ तिने महाराजांच्या शुभ्र धोतरावर उपडं केलं आणि दादासोंच्या हातातला तांब्या हिसकून वर रिकामा केला. मांडीवर हळदीच्या रंगाचा हातभर डाग उमलला.

"उतरली रं, धोतराची बी उतरली!" गुलजार टाळ्या पिटत नाचू लागला. "कितव्या नंबराची, म्हाराज? लिव्हर कुटं हाय धोतराचं? काष्ट्यात का सोग्यात?"

दादासो बशीकडे बघत उभे होते. "आयला," ते पुटपुटले, "मी चुनाच तपासत बसलो." महाराज गडू बगलेत मारून उठले तसे त्यांनीच त्यांची कफनी मागून पकडली. "कुटं निगाला? चला चौकीवर. तितं साहेबांचं बी हात धुवा."

महिपतरावांना मात्र हे काही ऐकू येत नव्हतं. ते गुलजारला म्हणत होते, "जीप बघ. बारामतीला. आत्ता."

जीप येईपर्यंत लोकांनी त्यांना घेरलं आणि त्यांनी पहिल्यांदाच न चाचरता सांगितलं. तीर्थ म्हणजे आंब्याच्या सालीचा रस. त्यावर चुन्याची निवळी पडली की तो पिवळा होतो, मग खाली तळहात असो, बशी असो नाहीतर धोतर.

"मग माझा पुतन्या कसा बरा झाला?" कुणीतरी विचारलं.

"पुष्कळांची कावीळ विश्रांतीने तीन-चार आठवड्यांत आपोआप ओसरते. महाराजांच्या तीन खेपा होईतो ती उतरणीला लागलेलीच असते. बरे झालेले पेढे घेऊन इथं येतात. जे गेले, ते कुठून येणार सांगायला?"



दुसऱ्या दिवशी सकाळी साखरबाईने बारामतीहून टपरीशेजारच्या एसटीडीवर फोन केला. नकोशी शुद्धीवर होती, हाका ओळखत होती. पोटातल्या बाळाचे ठोके लागत होते. पण डॉक्टर म्हणाले होते, गरोदरपणातली कावीळ वाईट. पंधरा दिवस आधी आणायला हवी होती. आठ दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

महिपतरावांनी घरी येऊन कोरं आंतरदेशीय पत्र लिहायला घेतलं.

'चि. म्हाळसा, उत्तराला उशीर केला. सबब सांगत नाही. पक्कं कळल्याशिवाय लिहायचं नाही, असं माझं चाललं होतं. पण "आधी दवाखान्यात न्या" एवढं लिहायला काहीच पक्कं कळायची गरज नव्हती. ते मी पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. नकोशी आता बारामतीला दाखल आहे. तिथं आईबरोबर आहे, शुद्धीवर आहे. पुढचं डॉक्टरांच्या हातात.

तू विचारलंस ते आता सांगतो. रंग खरा, कावीळ उतरणं खोटं. आंब्याची साल ठेचून रात्रभर भिजव. तो रस बशीत ओत, वर चुन्याची निवळी घाल. ओट्यावर सगळ्यांना बोलावून कर. माझं पत्र नुसतं वाचून दाखवू नकोस, कारण मी सांगतो म्हणून काही खरं ठरत नाही. मी सर नाही आणि सर असतो तरी ठरलं नसतं. करून बघा. प्रत्येकाने आपल्या हाताने करा. आणि जो माणूस करून बघू देत नाही, त्याच्यापुढे पुन्हा हात धरू नका.

गावात आणखी कुणाचे डोळे पिवळे दिसले तर पाणी उकळून प्या, आणि रोग्याला आधी डॉक्टरकडे न्या. शंका राहिली तर ती मागाहून मला लिही.'

कडा थुंकीने चिकटवताना त्यांना वाटलं, 'पुष्कळांची' लिहायला हवं होतं की 'बहुतेकांची'? मग लक्षात आलं, हे वाक्य आपण लिंबाखाली बोललो, पत्रात ते आलेलंच नाही. पत्र पुन्हा उघडावं का, म्हणून क्षणभर बोट कडेवर थांबलं. त्यांनी ते उघडलं नाही. टोपी घातली, पोस्टापर्यंत चालत गेले आणि दुपारचं टपाल निघायच्या आत पत्र पेटीत टाकलं.