मुंबईचे साडेपाच

त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात इस्रायलमधल्या ओफाकिमला, भुतं उतरवणाऱ्या नेहेम्याच्या दारापुढे ही रांग! सगळी तीन दिवसांपूर्वी मुंबईहून विमानाने आलेली आपली बेने इस्रायल माणसं. कुणी तोंड उघडायच्या आत हा पठ्ठ्या म्हणाला होता, "रात्री दोनला जाग येते ना? तिकडे कबरस्तानात कुणाला तरी टाकून आलात. तेच हाक मारतंय!" झालं, सगळे गार. अहो, कबरस्तानात कुणाचं कोण नसतं?

मी जूडिथ, इथल्या दवाखान्यात नर्स. रोझी नवऱ्याला, अहरोनला, घेऊन माझ्याकडे आली ती रडून डोळे सुजवूनच. त्यांची सहा वर्षांची दिना दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली.

"सिस्टर, दिना रागावलीय. एकटी टाकून आले ना तिला! पहिल्या रात्री दोनला उठवलं, मग अडीचला, काल तीनला. नेहेम्याकाका म्हणतात, पाऊल पाऊल लांब चाललीय. तिचे पैंजण दिले की सुटेल."

"दिलेस?"

"कालच. त्यांनी वाळवंटात पुरले."

माझं डोकंच फिरलं. पोरीची तेवढीच वस्तू आणली होती त्यांनी.

"तुझ्या शेजारची पनीना याच आठवड्यात अश्दोदहून राहायला आली. तिचाही नवरा मुंबईलाच पुरलाय. तिला येते जाग?"

"छे! भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं."

"येणार कशी? वर्ष झालं तिला या देशात. अहरोनभाऊ, तुमच्या घड्याळात किती वाजले?"

दवाखान्यात आठ वाजले होते, त्याच्या मनगटावर साडेअकरा. तो ओशाळला. "मुंबईचाच टाइम ठेवलाय. बदलायचं मन होत नाही."

"मग इथे रात्रीचे दोन, तेव्हा यात?"

"साडेपाच." त्याने घड्याळाच्या काचेवर बोट ठेवलं. "दिनाच्या औषधाच्या सकाळच्या पहिल्या डोसची वेळ."

रोझीने त्याचं मनगट ओढून घड्याळ बघितलं.

"शरीरातही घड्याळ असतं गं," मी म्हटलं. "विमान एका दिवसात इथे आणतं, ते मागेच राहतं. मग रोज थोडं थोडं जुळवून घेतं, म्हणून दोनचे अडीच, अडीचचे तीन. आठवड्यात आपोआप जुळतं आणि हा नेहेम्या म्हणतो, मी सोडवलं!"

तशीच उठले, दोघांना घेऊन निघाले आणि रांगेसमोर नेहेम्याला गाठलं. "एलियाहू हन्नाबीची शपथ घेऊन सांग, तू आलास तेव्हा कितीला जागा व्हायचास?"

तो खाली बघत पुटपुटला, "दोनला."

"कुणी सोडवलं मग?"

"आपोआपच गेलं."

"आणि पैंजण?"

"विकले. कालच, बेर-शेव्हाला."

लोकांनी त्याला शिव्या घातल्या. रोझीने मात्र मलाच विचारलं, "म्हणजे दिना रागावली नव्हती?"

"नाही गं बाई. तिला औषध द्यायला तुझं शरीरच उठत होतं."

तेव्हा ती मोकळेपणी रडली. मलाही आवरलं नाही.

म्हणून सांगते, अवेळी जाग आली तर आधी घड्याळ बघा, कारण शोधा. दुःख आहे तेवढंच पुष्कळ असतं. त्यात भीती कालवणाऱ्याला दारात उभं करू नका.

पुढच्या आठवड्यात रोझी भेटली. म्हणाली, "जुळलं सिस्टर. आता इथल्या साडेपाचला उठते. उठून बसते, आणि मग आठवतं, औषध कुणाला द्यायचं नाहीये."