अप्पा नावाचं भात

"लोक तुडतुडे मारतात, आमची मनस्वी ते पाळते. वर खायला भाताची कोवळी रोपं घालते," अप्पा पडवीतून शेजारच्या मालनकाकूंना सांगत होते.

"अप्पा, कीड चावल्यावर रोपातली कोणती जनुकं जागी होतात, ते बघते मी," बॅग खांद्याला लावत मनस्वी म्हणाली.

"मग तू पान तोडलंस की ती जागी होत नाहीत?"

"होतात. म्हणून तर तोडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवते."

"म्हणजे बिचाऱ्याला ओरडूसुद्धा देत नाहीस! बरं, येताना पालीच्या बाजारातून सुके बांगडे आण."

बांगडे तिने आणले. ते भाजायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी पहाटे, अप्पा झोपेतच गेले.

तेरावं उरकून ती प्रयोगशाळेत आली. तुडतुड्यांनी त्यांच्या जाळीच्या पिंजऱ्यातली बाकीची रोपं करपवून टाकली होती. एकच गावठी वाण हिरवंगार, ताठ उभं होतं. वाणांचे लांबलचक नंबर लक्षात राहत नाहीत, म्हणून इथे सगळेच त्यांना टोपणनावं देत. या वाणाच्या कुंडीवर तिनेच कधीतरी लिहिलं होतं : अप्पा.

घरी मात्र तिने हे कधी कळू दिलं नव्हतं.

पानाजवळ नेलेली कात्री तिने क्षणभर थांबवली.

"अप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "याला तुमचं नाव दिलंय मी. कितीही चावे घेतले तरी हे आपलं ताठच. तुम्हाला सांगायला हवं होतं. वाडीभर मिरवला असतात, तरी चाललं असतं मला."