अव्वाचा उपास

मी एक जुनी काचेची नळी आहे, मित्रांनो. बोटाएवढी जाड आणि तळाला निमुळती. माझा जन्म भट्टीत झाला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते नवी पेठेतलं दुकान, आणि तिथून मला रुमालात गुंडाळून सोलापूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेणारी महानंदा. शुक्रवार पेठेतली ही मुलगी डाळिंबाच्या सालीवर संशोधन करत होती.

डाळिंबाची साल चावली की तोंड कसं आखडतं, ठाऊक आहे ना? सालीतला तुरट अंश लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो म्हणून तसं होतं. झाडापानांतले असे अंश रक्तातल्या प्रथिनांनाही धरून बसतात का, हे महानंदाला शोधायचं होतं. त्यासाठी माझ्यात रक्त घालून मला यंत्रात गरगर फिरवत. लाल पेशी तळाला बसत आणि वर पिवळसर रक्तद्रव उरे. इतकं फिरूनही मला कधी तडा गेला नाही, म्हणून महानंदाला शिकवणारे सर माझं कौतुक करत. मीही जरा फुशारून जाई.

एका सोमवारी महानंदाने आपल्या आईचं, गौरम्माचं रक्त घेतलं. आईला ती अव्वा म्हणे. प्रयोगाला काही न खाल्लेल्या माणसाचं रक्त हवं होतं. म्हणून तिने अव्वाला आधीच बजावलं होतं, की उपास करून ये. पण डाळिंबाचा अर्क मिसळण्याआधीच त्या रक्तद्रवात तुरट अंश असल्याचा रंग उमटला. महानंदाचा पारा चढला.

"खाऊन आलीस आणि वर खोटं बोललीस, अव्वा," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"उपास केला की गं मी," गौरम्मा म्हणाली. पदर सावरून ती निघून गेली.

उरलेला द्रव माझ्यातच राहिला. बूच लावून मला बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. मायलेकींचा अबोला सुटण्याआधीच गौरम्मा तापाने गेली.

मित्रांनो, त्यानंतर मला चैन कशी ती उरली नाही. माणूस मातीत गेलं होतं आणि त्याच्या अंगातला द्रव माझ्या पोटात गोठून पडला होता. शिपाई तो कप्पा उघडताना मान फिरवी. महानंदा मात्र मला तळहातावर घेई आणि हळूच विचारी, "खरं सांग, अव्वा." कधी कधी वाटे, माझ्या आतून कुणीतरी तेच पुन्हा म्हणतंय, उपास केला की गं. मला फार भीती वाटे, आणि फार वाईटही वाटे.

मग एक दिवस महानंदा धावतच सरांकडे आली. घरी तिच्या सावित्रम्मा मावशीचा सोमवार होता. मावशी कोरा चहा पीत डाळिंब सोलत बसली होती. आज उपास ना, असं हिने विचारलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "मग? उपासाला हेच चालतंय की. तुझी अव्वा बी हेच घ्यायची."

महानंदाला हवं होतं रिकामं पोट, आणि तोंडातून शब्द गेला होता उपास.

पण खात्री करायची तर अव्वाचा शेवटचा थेंबही खर्ची पडणार होता. सर म्हणाले, राहू दे हवं तर. ती बराच वेळ मला छातीशी धरून उभी राहिली. मग तिने मला कलतं केलं.

आधी तिने तो द्रव अतिसूक्ष्म छिद्रांच्या पातळ पिशवीत भरून पाण्यात सोडला. पाण्यात काहीच उतरलं नाही, कारण प्रथिनांपासून मोकळं असं काही नव्हतंच. प्रथिनं फोडली तेव्हा कुठे त्यांनी धरून ठेवलेलं सुटलं. ते तिने अंश वेगवेगळे करून दाखवणाऱ्या कागदावर चढवलं. एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला डाळिंब आणि मधे अव्वा. कागद वाळला. मधले डाग दोन्हीकडच्या डागांशी जुळले.

"अव्वा, तुझं खरं होतं," महानंदा माझ्याकडे वळून म्हणाली. पण मी तर रिकामी झाले होते.

आता मी कपाटात धूळ खात पडले आहे. मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. एवढंच करा, मित्रांनो. कुणी 'केलं' म्हणालं, तर त्याला खोटं ठरवण्याआधी 'काय केलंस' हे विचारा. मात्र उत्तर द्यायला ते माणूस आहे तोवर विचारा.