सिंकखालचं कपाट

सगळा भाग त्याला फेसवाला म्हणायचा. तोंडावर भाऊ, पाठीमागे फेसवाला. साफसफाईची द्रावणं बनवणाऱ्या एका कंपनीसाठी तो दारोदार फिरून प्रात्यक्षिकं दाखवायचा. बॅगेतून पांढरी फरशी काढायची, तिच्यावर शाई आणि करपलेलं तेल फासायचं, मग दोन थेंब टाकून हलक्या हाताने पुसून दाखवायचं. बायका कौतुकाने बघायच्या. शेवटी तो आवाज बारीक करून सांगायचा, "ताई, एवढं मात्र लक्षात ठेवा. ब्लीच आणि अ‍ॅसिड यांची गाठ पडू द्यायची नाही. ते दोघं घरात एकत्र नांदायला लागले, तर घर सोडायची पाळी तुमची." यावर हमखास हशा पिकायचा.

पुढे कंपनी बंद पडली, तो निवृत्त झाला आणि उरलासुरला माल त्याच्या घरी आला. सिंकखालचं कपाट गच्च भरलं. मग माळा भरला, मग वॉशिंग मशीनच्या मागची जागा. बायको म्हणायची, "आपल्या घरात आपण भाडेकरू आहोत, मालक या बाटल्या." तो हसून सोडून द्यायचा. घराची साफसफाई आता तोच करायचा, आणि ती त्याला करू द्यायची, कारण त्याशिवाय त्याच्या हाताला दुसरं काम नव्हतं.

एका सकाळी त्याने बाथरूम धुवायला घेतलं. कमोडसाठीच्या अ‍ॅसिडची बाटली तळाला आली होती, ती त्याने आत उपडी केली. तेवढ्यात फोन वाजला. जुन्या सहकाऱ्याचा होता, गप्पा लांबल्या. परत आला तेव्हा समोर दुसरी बाटली दिसली, तिच्याही तळाशी घोटभर उरलं होतं. उगाच ठेवायची कशाला, म्हणून तीही त्याने ओतली. ती ब्लीचची होती. पिवळट धूर वर यायला लागला तसं त्याला कळलं. तो तोंडावर हात धरून बाहेर पळाला आणि थेट गॅलरीत जाऊन कठड्याला धरून खोकत राहिला.

बायको स्वयंपाकघरात होती. तिला खोकला ऐकू आला. तो बाथरूम धुतोय एवढंच तिला माहीत होतं. तो आत पडला असेल या भीतीने ती धावत आत शिरली, खिडकी उघडायला हात वर केला आणि नेमका तेव्हाच तिने छातीभर श्वास घेतला.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने विचारलं, "काय मिसळलं होतं?"

त्याने दोन्ही नावं सांगितली.

"हे मिसळू नये, माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं. मी लोकांना तेच सांगत फिरायचो."

डॉक्टरने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही नावं कागदावर लिहून घेतली.

बायको वाचली, पण छाती नाजूक झाली. लेक दुसऱ्या गावाहून आली. आईजवळ बसून झाल्यावर ती बापाला बाहेर घेऊन गेली.

"बाबा, आई घरी यायच्या आधी ते सगळं बाहेर गेलं पाहिजे."

"सगळं?"

"सगळं. डॉक्टर म्हणालेत, कुठलाही उग्र वास तिच्या नाकाशी यायला नको."

दोघांनी मिळून गॅलरीत माल काढला. घरात चांदीचा एक चमचा नव्हता, पण चांदी उजळायचं पॉलिश होतं. ओव्हन नव्हता, ओव्हनची काजळी काढायचा फवारा होता. गालिच्याचा शॅम्पू तर डझनाने निघाला. काही बाटल्यांची लेबलं गळून पडली होती. पूर्वी तो झाकण उघडून नुसत्या वासावर नाव सांगायचा. या खेपेला त्याने झाकणाला हात लावला आणि तसाच मागे घेतला. लेकीने एक बाटली उचलली आणि मोरीकडे निघाली.

"थांब!" तो एवढ्या जोरात ओरडला की ती दचकली. "आत काय आहे माहीत नाही. मोरीत काही ओतायचं नाही."

घातक कचरा घेणारं एक केंद्र गावाबाहेर होतं. खोकी गाडीत घालून दोघं तिथे गेली. हातमोजे घातलेल्या माणसाने ढीग पाहून विचारलं, "दुकान होतं का?"

"हो," तो म्हणाला. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

घर रिकामं झालं, पण डाग काही घर सोडून गेले नव्हते. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या, त्यांना सगळे शिवणकाकू म्हणायचे. त्यांच्या घरी फक्त व्हिनेगर, खायचा सोडा आणि साबणाची साधी वडी यांवर भागायचं. त्या एक पिशवी घेऊनच वर आल्या.

"भाऊ, यावर चालवून बघा."

"यात सॅलड होईल, संडास कसा साफ होणार?" असं तो म्हणाला, पण पिशवी घेतली.

आधी त्याने बेसिनमध्ये सोडा टाकून वर व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला आणि जुन्या सवयीने त्याचा जीव हरखला. फेस बसल्यावर मात्र खाली खारट पाणी तेवढं उरलं. दोघांनी एकमेकांना मारलं होतं, डाग जागच्या जागी. मग त्याने साबण किसून व्हिनेगरमध्ये घातला, तर ते नासलेल्या दुधासारखं फाटलं. तेही ओतून दिलं. हळूहळू त्याला कळलं, की यांना एकमेकांपासून लांब ठेवलं तर तिघंही कामाचे आहेत. बेसिनला सोड्याचा ओला लेप लावायचा आणि घासायचं. काचेला पाणी घातलेलं व्हिनेगर. फरशीला गरम पाण्यात विरघळवलेला साबण. फक्त इथे दोन थेंबांत काही होत नव्हतं. खांदे भरून येईपर्यंत घासावं लागायचं.

त्या भरात तो व्हिनेगरचं ओलं फडकं संगमरवरी ओट्यावर तसंच विसरला. सकाळी उचललं तेव्हा खाली हाताएवढा भाग कायमचा निस्तेज झाला होता. शिवणकाकू हळहळल्या.

"अहो, दगडाला आंबट सोसत नाही. सांगायचं राहूनच गेलं हो माझ्याकडून."

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला.

बायको घरी आली तेव्हा जिन्यात तिला मध्ये मध्ये थांबावं लागलं. आत येऊन ती खुर्चीवर टेकली आणि इकडेतिकडे पाहत राहिली.

"कसला वास येतोय?"

"कसलाच नाही."

"तेच म्हणते मी. चुकून दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटतंय."

लेक दोन दिवस राहून परत गेली. ती गेल्यावर बायकोने त्याला समोर बसवलं.

"अहो, एक विचारायचंय. मी आत तुम्हाला शोधत होते. तुम्ही गॅलरीत होतात. खोकत होतात, म्हणजे घशातून आवाज निघत होता. मग मला हाक का नाही मारलीत?"

हा प्रश्न त्याला डॉक्टरने विचारला नव्हता, लेकीनेही नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने बरीच उत्तरं जुळवून ठेवली होती. श्वास अडकला होता. घाबरलो होतो. तू बाथरूमकडे येशील असं वाटलंच नाही. त्यातलं एकही त्याला पुढे करता आलं नाही.

"लाज वाटली," तो म्हणाला. "वाटलं, हवा येईल, धूर निघून जाईल, तुला कळायचंसुद्धा नाही. ज्याने जन्मभर हेच शिकवलं त्यानेच..."



"बाटल्या चुकून एक झाल्या, ते मी केव्हाच सोडून दिलंय," ती म्हणाली. "हे सोडून द्यायला मला वेळ लागेल."

तिने तो घेतलाही. चहा झालाय, दार लावा, औषध कुठे ठेवलंय, एवढंच ती बोलायची. तो घासत राहिला. नळ, खिडक्या, दारांच्या कड्या. भांडण झालं असतं तर त्याला जास्त बरं वाटलं असतं. शिवणकाकू एकदा वर आल्या, घरातली शांतता पाहून चहा न घेताच खाली उतरल्या.

मग एका दुपारी तो खिडकीची काच पुसत असताना ती मागे येऊन उभी राहिली. काचेवर ओघळ उमटत होते आणि तो पुन्हा पुन्हा तेच फडकं फिरवत होता.

"ओल्या फडक्याने ओघळ जात असतात का कधी? व्हा बाजूला."

तिने वर्तमानपत्राचा बोळा करून काच कोरडी केली. मध्ये दम लागला तेव्हा ती चौकटीला टेकून उभी राहिली. त्याने खुर्ची आणली. ती बसली नाही.

"यापुढे काही सांडलं, फुटलं, चुकलं, तर आधी मला हाक मारायची," ती म्हणाली. "पुसायचं नंतर."

"मारीन."

"लाज वाटली तरी."

"तरी मारीन."

तिने बोळा त्याच्या हातात दिला, उरलेला खालचा भाग त्याला दाखवला आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर तो तिला सारखा हाका मारायला लागला. साबण विरघळत नाही म्हणून, बादली सांडली म्हणून, कधी नुसतंच. ती दर वेळी उठून आली असं नाही, पण ओ द्यायची.